पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची काच घरच्या घरी कशी घासायची आणि ती टिकवायची कशी

दोन वर्षांपूर्वी गणपतीला आम्ही कराडहून चिपळूणकडे निघालो, तेव्हा निघायलाच संध्याकाळचे सात वाजले. कुंभार्ली घाटात पाऊस आणि धुकं एकदमच भेटलं. गाडी बाबांची, २०११ सालची वॅगन आर, इंजिन अजून ठणठणीत. एका वळणाच्या अलीकडे बाबांनी गाडी कडेला घेतली आणि मला म्हणाले, "जरा खाली उतरून बघ रे, दिवे लागलेत ना?" लागलेले होते, दोन्ही. पण रस्त्यावर उजेड म्हणावा असं काही पडत नव्हतं. सगळा उजेड त्या पिवळट काचेतच अडकून बसला होता. पुढचा घाट आम्ही एका एसटीच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून उतरलो. बाबा एरवी गाडीत सतत बोलतात. त्या दिवशी पोफळीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

काचा पिवळ्या झाल्यात हे आम्हाला आधीपासून दिसत होतं. पण ती गाडीच्या दिसण्याची गोष्ट आहे, असं समजून आम्ही सोडून दिलं होतं. तुमच्या गाडीचं तसं झालं असेल तर एका सुट्टीच्या दिवसात, हजार रुपयांच्या आत, हाताने हे काम होतं. मी ते तीन वेळा केलं. पहिल्या दोन वेळा चुकलो. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

ती काच नसतेच

आपण बोलताना काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीला खरी काच होती, म्हणून त्या गाड्यांचे दिवे फुटायचे, पण पिवळे पडत नसत. अमेरिकेत १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून प्लास्टिकचे, बल्ब बदलता येणारे हेडलाइट आले आणि मग जगभर तेच रुळले. पॉलिकार्बोनेट हलकं असतं, हव्या त्या आकारात ओतता येतं आणि खडा लागला तरी सहसा फुटत नाही. त्याच्या दोन दुबळ्या बाजू आहेत. त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो.

आपल्याकडच्या उन्हात पाच-सात वर्षांत तो थर दमतो. आधी निस्तेज होतो, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी तो तुकड्यातुकड्याने सुटतो. थर गेला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं आणि पिवळं व्हायला लागतं. नीट पाहिलंत तर काचेचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त गेलेला दिसेल, कारण ऊन वरून येतं. आमच्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा जास्त पिवळा होता. अंगणात गाडी उभी असते तेव्हा दुपारनंतरचं ऊन त्याच बाजूला येतं, हे नंतर लक्षात आलं.

याने उजेड किती जातो? अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये जुन्या, धुरकट हेडलाइटची तपासणी केली. लो बीमवर, म्हणजे जवळच्या उजेडावर, ते नव्या दिव्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड देत होते. घासून नीट केलेले दिवे साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आले. म्हणजे काच नव्यासारखी होत नाही, पण अंधारातून माणसात येते. जो उजेड पुढे जात नाही तो आजूबाजूला फाकतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. आपल्याला दिसत नाही आणि त्यालाही दिसत नाही.

सुरू करण्याआधी पाण्याची परीक्षा

सगळेच धुरकट दिवे घासून सुधारत नाहीत. आधी काच स्वच्छ धुवा आणि ओली असतानाच तिच्याकडे बघा. पाण्याने भिजल्यावर ती बऱ्यापैकी पारदर्शक दिसत असेल आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट होत असेल, तर खराबी बाहेरच्या अंगाला आहे. अशी काच घासून सुधारते. ओली असतानाही आतून धूसर दिसत असेल, आत पाण्याचे थेंब किंवा धूळ असेल, तर बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही. तिथे मागचं रबरी झाकण नीट बसलंय का, काचेचं सील फुटलंय का, ते पाहावं लागतं.

आतला चकचकीत रिफ्लेक्टर काळवंडला असेल किंवा त्याची चांदी उडाली असेल तर पूर्ण दिवाच बदलायचा. प्लास्टिकच्या आत खोलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गेल्या असतील, नखाला न लागणाऱ्या पण तिरप्या उजेडात चमकणाऱ्या, तर त्या घासून जात नाहीत. थोड्या असतील तर चालवून घ्या.

टूथपेस्ट आणि बाकीचे झटपट उपाय

माझी पहिली चूक हीच. दिवाळीत टूथपेस्ट लावून अर्धा तास चोळली. काच खरोखर चकाकली, बाबा खूश झाले. शिमग्यापर्यंत ती पुन्हा होती तशी. टूथपेस्टमध्ये अगदी बारीक घासणारी भुकटी असते, ती वरवरचा मळ काढते. फुटलेला जुना थर तिने निघत नाही आणि नवं संरक्षण तर ती देतच नाही.

डास पळवायचा स्प्रे मारून काच लख्ख करण्याचे व्हिडिओ फिरत असतात. तसल्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा असणारं डीट नावाचं रसायन पॉलिकार्बोनेटचा वरचा पापुद्रा विरघळवतं, म्हणून काच क्षणभर गुळगुळीत दिसते. थोड्या दिवसांनी चिकट होते, धूळ धरते, भेगाळते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांतलं काहीही काचेला लावू नका. गरम कपात द्रव घालून त्याची वाफ काचेवर सोडायचा प्रकारही हल्ली रस्त्याकडेला दिसतो. काच लगेच आरशासारखी होते हे खरं. पण त्यात बहुतेक वेळा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असतं आणि ती वाफ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. माझं मत विचाराल तर घरात ते करू नये.

आधी कोटिंग ठरवा, मग घासायला बसा

हे उलटं वाटेल, पण घासणं कुठे थांबवायचं ते वरून काय लावणार यावर ठरतं. माझी दुसरी चूक इथे झाली. मी मेहनतीने तीन हजार नंबरच्या घासकागदापर्यंत (नंबर जितका मोठा, कागद तितका बारीक) घासलं, पॉलिश केलं, काच नव्या गाडीसारखी झाली आणि वरून काहीच लावलं नाही. त्या उन्हाळ्यात गाडी रोज बाहेर उभी होती. पावसाळा लागायच्या आत काचेवर पुन्हा पिवळी झाक आली, आधीपेक्षा लवकर. आमच्या कराडच्या एका पेंटर मामांना दाखवलं तर ते म्हणाले, "घासायला काय, कुणीबी घासंल. पर जुनं कवच तू काढून टाकलंस आन् नवं घातलंच न्हाईस. उघड्या अंगानं उन्हात उभी केलीस की तिला."

तर घरी करण्यासारखे पर्याय असे. पहिला, स्प्रेच्या डब्यातला क्लिअर, म्हणजे रंग नसलेलं पारदर्शक लॅकर, अतिनील किरण अडवणारा. लेबलवर यूव्ही असं लिहिलेलं पाहूनच घ्या. नवख्या माणसाला हा जमतो. नीट मारला तर वर्ष, सव्वा वर्ष जातं. दुसरा, कपड्याने किंवा फोमच्या तुकड्याने पुसून लावायचं हेडलाइटचं सिरॅमिक कोटिंग. लावायला सोपं, ओघळ येण्याची भीती नाही. ते किती टिकेल हे बाटलीवर आणि गाडी उन्हात किती उभी राहते यावर आहे. तिसरा, मेण किंवा सीलंट. ते दोन-तीन महिन्यांपुरतंच, त्याला मी कोटिंग धरत नाही.

सगळ्यात टिकाऊ म्हणजे पेंटर गाडीच्या बॉडीवर मारतात तो टू-के पीयू क्लिअर, म्हणजे वेगळा हार्डनर (घट्ट करणारा द्रव) मिसळलेला. तो तीन-तीन वर्षं टिकलेला मी पाहिला आहे. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी किंवा साधा कागदी मास्क तिथे काही कामाचा नाही. हार्डनर असलेला क्लिअर छोट्या डब्यातही मिळतो. तोही घरी मारू नका. वाटल्यास घासण्याचं सगळं काम स्वतः करा आणि क्लिअर मारायला गाडी बूथ (फवारणीची बंद खोली) असलेल्या पेंटरकडे न्या. घासलेलीच गाडी नेली तर ते पैसेही कमी घेतात.

आता मुद्दा. स्प्रेचा क्लिअर मारणार असाल तर पंधराशे नंबरवर थांबा. क्लिअरला पकड घ्यायला थोडा खरखरीत पृष्ठभाग लागतो आणि ते बारीक चरे तो स्वतःच भरून काढतो. तीन हजारपर्यंत गुळगुळीत करून, रबिंग (चमक आणायची पेस्ट) लावून त्यावर क्लिअर मारला तर काही महिन्यांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. पुसून लावायचं सिरॅमिक वापरणार असाल तर ते चरे भरत नाही. तिथे मात्र दोन हजार, तीन हजार आणि मग रबिंग, असं शेवटपर्यंत जावं लागतं.

सामान

हार्डवेअरच्या किंवा ऑटो पेंटच्या दुकानात जाऊन वॉटर पेपर मागा. चारशे, सहाशे, एक हजार आणि पंधराशे नंबरचे प्रत्येकी दोन कागद, सिरॅमिकवाल्यांनी दोन हजार आणि तीन हजारचेही. साधा लाकडावरचा पॉलिश पेपर नको, तो पाण्यात विरघळतो. दीड-दोन इंची मास्किंग टेप घ्या, पुठ्ठे बांधायची खाकी टेप नको, ती रंग उपटते. पाण्याची फवारा बाटली, दोन बादल्या, भांड्याचं लिक्विड, तीन-चार स्वच्छ मायक्रोफायबर कापड, रबरी हातमोजे. कागद गुंडाळायला फोमचा कडक तुकडा. पायातल्या जुन्या रबरी चपलेचा कापलेला तुकडा मला सगळ्यात सोयीचा वाटला, काचेच्या वळणाबरोबर तो थोडा वळतो. शेवटी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते आयपीए या नावाने मिळतं आणि पॉलिकार्बोनेटला त्रास देत नाही.

हात बसवायला एक फुटका हेडलाइट भंगारातून आणा. पुण्यात असाल तर बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधा, नाहीतर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे मागा. आधी त्यावर घासून आणि स्प्रे मारून बघा. क्लिअरमधलं थिनर त्या प्लास्टिकला भेगा पाडत नाही ना, हेही तिथेच कळतं. मी पहिले ओघळ त्याच्यावर आणले, गाडीवर नाही.

दिवस कोणता निवडावा

पावसाळ्यात हे काम करू नका. हवेत दमटपणा असेल तर क्लिअर वाळताना पांढरट पडतो, दुधाची साय धरल्यासारखा. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरावा. सकाळचं दव ओसरल्यावर, वारा सुटायच्या आत, सावलीत. गाडीचं तोंड उन्हाकडे नको. तापलेल्या काचेवर क्लिअर लागताच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो.

घासणं

हेडलाइट काढायची गरज नाही. बऱ्याच गाड्यांत तो काढायला बंपर सोडवावा लागतो, नवख्याने त्यात पडू नये. गाडी आणि काच साबणाने धुवून कोरडी करा. काचेच्या कडेला लागून असलेल्या रंगावर, म्हणजे बॉनेट, बंपर आणि फेंडरवर, टेपचे दोन थर चिकटवा. एक थर पुरत नाही. चारशे नंबरचा कागद एकदा घसरला तर टेप फाडून रंगात शिरतो. बॉनेट उघडं ठेवलं तर काचेची वरची कड नीट हाताला येते, आणि सगळ्यात जास्त खराबी तिथेच असते.

थर सुटत असेल, काचेवर नकाशासारखी बेटं दिसत असतील तर चारशेपासून सुरू करा. नुसती पिवळी, धुरकट असेल तर सहाशे पुरे. कागदाचे चार तुकडे करा आणि दहा मिनिटं पाण्यात भिजत घाला म्हणजे ते मऊ होतात. फवारा बाटलीत पाणी आणि लिक्विडचे दोन थेंब. काच सतत ओली हवी. पाण्याने प्लास्टिकची भुकटी वाहून जाते, नाहीतर ती कागदात अडकून खोल चरे पाडते आणि नाकातही जाते.

कागद फोमवर गुंडाळून आडव्या दिशेने घासा, डावीकडून उजवीकडे. जोर लावू नका, कागदाला काम करू द्या. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या जागी खोलगट पट्टे पडतात आणि ते रात्री दिवा लावल्यावर दिसतात. गोल गोल घासायचा मोहही टाळा. सरळ दिशेत घासलं की मागचे चरे गेले की नाहीत ते कळतं, गोल घासण्यात ते कळत नाही.

पहिल्या मिनिटातच काचेवरून पिवळसर पाणी ओघळायला लागेल, हळद घातलेल्या ताकासारखं. तो जुना थर आहे. घासत राहा. हळूहळू त्या पाण्याचा पिवळेपणा कमी होतो आणि निव्वळ पांढरं पाणी येतं. मग पुसून काच कोरडी करा आणि तिरप्या उजेडात बघा. पूर्ण काच एकसारखी, दुधी, मंद दिसली पाहिजे. कुठे चकचकीत बेट उरलं असेल तर तिथे जुना थर अजून चिकटून आहे. बोट फिरवलंत तर त्याची कड हाताला लागते, सोलताना राहून गेलेल्या बटाट्याच्या सालीसारखी. तो राहिला तर नवीन कोटिंग त्याच्यासकट सुटणार. म्हणून पहिल्याच नंबरला सगळ्यात जास्त वेळ द्या. मला एका काचेला चारशे नंबरने पस्तीस मिनिटं लागली, पुढच्या प्रत्येक नंबरला दहाच.

या टप्प्यावर काच सुरुवातीपेक्षाही वाईट दिसते. पांढरी, आंधळी. माझ्या आईने ती पाहून कपाळावर हात मारला होता. घाबरू नका आणि इथे थांबूही नका. ओली करून बघा, पाण्याखाली ती स्वच्छ दिसेल.

पुढच्या नंबरला जाण्याआधी काच, फोम, हात, सगळं धुवा आणि बादलीतलं पाणी बदला. चारशेचा एक कण हजारच्या कागदाखाली आला तर लांब चरा पडतो आणि तो काढायला पुन्हा मागे जावं लागतं. सहाशेने उभ्या दिशेने घासा, चारशेच्या आडव्या रेषा पूर्ण जाईपर्यंत. हजारने पुन्हा आडवं. पंधराशेने उभं. प्रत्येक वेळी आधीच्या दिशेची एकही रेघ उरली नाही असं दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. नंबर गाळू नका. चारशेवरून थेट पंधराशेवर गेलात तर वरून काच मऊ लागेल आणि रात्री समोर गाडी आली की चारशेचे सगळे चरे चमकून उठतील.

ड्रिलला पॅड लावून हे झटपट होतं, पण प्लास्टिक एका जागी तापतं आणि लिबलिबीत होऊन डागाळतं. पहिल्यांदा करताना हातानेच करा.

सिरॅमिकवाल्यांनी याच पद्धतीने दोन हजार आणि तीन हजार करून मग कापडावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घेऊन चमक येईपर्यंत चोळावं.

क्लिअर मारणं

घासताना भिजलेली टेप काढून टाका. काच आणि आसपासचा भाग धुवा, फटींमध्ये अडकलेलं पाणी पूर्ण वाळू द्या. बॉनेटच्या फटीतला एक थेंब ओल्या क्लिअरवर आला तर सगळं फुकट जातं. नवीन टेप लावा आणि या वेळी आजूबाजूला दोन-अडीच फुटांपर्यंत वर्तमानपत्र चिकटवा, चाक आणि समोरची विंडशील्डसुद्धा झाका. स्प्रेचे बारीक कण वाटतं त्यापेक्षा लांब जातात. खाली फरशीवर थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडत नाही.

हेडलाइट बंद आणि थंड असू द्या. काच आयपीएने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका, बोटाचं तेल पुरतं क्लिअर फाटायला. आयपीए उडून जायच्या आधी काच जशी ओलसर, पारदर्शक दिसते, साधारण तशीच ती क्लिअरनंतर दिसणार. त्या क्षणी चरे दिसत असतील तर परत पंधराशेवर जा. अजून वेळ गेलेली नाही.

डबा दोन मिनिटं हलवा. मास्क लावा, मोकळ्या हवेत उभे राहा, जवळ गॅस किंवा विडी-सिगारेट नको. डबा काचेपासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. स्प्रे काचेच्या बाहेर सुरू करायचा, हात सरळ पुढे न्यायचा आणि पलीकडच्या बाहेर सोडायचा. काचेवर हात थांबला की तिथेच ओघळ. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला अर्धा झाकेल असा खाली उतरवत न्या.

पहिला हात अगदी पातळ, नुसता तुषार. काच पूर्ण झाकली गेली नाही तरी चालेल, पुढच्या थराला पकड देणं एवढंच त्याचं काम. दहा मिनिटं थांबा. दुसरा हात ओला, काच एकसंध चमकायला लागेल इतका. हा क्षण पाहण्यासारखा असतो. दुधी काच डोळ्यांदेखत आरपार होत जाते, आतला रिफ्लेक्टर आणि बल्ब दिसायला लागतो. इथेच हात आवरायचा. अजून थोडा मारू असं वाटतं आणि त्या थोड्यानेच ओघळ येतो. पुन्हा दहा-पंधरा मिनिटं, आणि मग तिसरा हात दुसऱ्यासारखाच. डब्यावर वेळा वेगळ्या लिहिल्या असतील तर डब्याचं ऐका.

ओघळ आला किंवा चिलट बसलं तर हात लावू नका, पुसू तर मुळीच नका. आठवडाभर पूर्ण कडक होऊ द्या, मग तेवढ्याच जागी दोन हजारने हलकेच घासून रबिंग करा.

शेवटच्या थरानंतर वीसेक मिनिटांनी, क्लिअर अजून थोडा मऊ असताना, टेप काचेपासून बाहेरच्या दिशेला दुमडत सावकाश काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर तिच्याबरोबर क्लिअरची कडही उपटते. त्या दिवशी गाडी हलवू नका. दुसऱ्या दिवशी चालवायला हरकत नाही, पण आठवडाभर धुणं, पुसणं, कव्हर घालणं नको.

सिरॅमिकची गोष्ट थोडक्यात सांगतो. आयपीएने पुसायचं, चार थेंब फोमवर घेऊन आधी आडवं मग उभं लावायचं, बाटलीवर लिहिलेल्या वेळेनंतर कोरड्या कापडाने पुसायचं, आणि एक दिवस पाण्यापासून जपायचं.

दिवा कुठे पडतोय तेही बघा

हे बरेच जण विसरतात. काच धुरकट असताना उजेड वाढवायला आपण काय काय केलेलं असतं. कुणी १०० वॅटचे बल्ब टाकलेले असतात, कुणी दिवा वर उचलून घेतलेला असतो. आमच्या गाडीत दोन्ही होतं. काच स्वच्छ झाल्यावर तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. एच-४ बल्ब (जवळचा आणि लांबचा उजेड एकाच बल्बमध्ये देणारा) ६०/५५ वॅटचाच ठेवा. त्याहून जास्त वॅटचा बल्ब होल्डर आणि वायर तापवतो, आतला रिफ्लेक्टर खराब करतो, आणि तो खराब झाला की घासून परत येत नाही.

सपाट जागी, टायरमधली हवा बरोबर असताना, भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खूण करा. लो बीमची वरची कड त्या खुणेच्या साधारण सात-आठ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. ज्या गाड्यांत डॅशबोर्डवर दिवा वर-खाली करायचं बटण आहे त्यांनी ते आधी शून्यावर ठेवावं. खूण जमत नसेल तर मागचे स्क्रू फिरवून गॅरेजवाला पाच मिनिटांत करून देतो. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणी असतेच आणि तिथे दिवेही बघतात. त्याच्या महिनाभर आधी हे सगळं उरकून घ्या.

टिकवायचं कसं

गाडी सावलीत लावा. जमत नसेल तर निदान तोंडाची बाजू दुपारच्या उन्हापासून फिरवा. कपड्याच्या साबणाने किंवा निरम्याने काच धुवू नका, गाडीचा शाम्पू वापरा. सर्व्हिसिंगला प्रेशरने गाडी धुणाऱ्या पोराला सांगा की नळी हेडलाइटच्या कडेला जवळून धरू नकोस, क्लिअर सुटायला सुरुवात कडेपासूनच होते. दोन महिन्यांतून एकदा मेणाचा हात दिला तर क्लिअरचं आयुष्य वाढतं.

आणि क्लिअर मंद व्हायला लागला, कडेला पांढरी रेघ दिसली, की वरूनच नवीन मारू नका. सहाशेने तो पूर्ण काढा, मग हजार, पंधराशे आणि नवा क्लिअर. दुसऱ्या वेळी अर्धाच वेळ लागतो, कारण खालचं प्लास्टिक अजून पिवळं झालेलं नसतं. त्यासाठी कोटिंग कधी मारलं ते लक्षात राहायला हवं. आम्ही बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवली आहे. ऑइल बदलल्याची तारीख बाबा जिथे लिहितात, त्याच्याच खाली.